ज्याच्यावाचून घरात कोणाचे काही अडत नाही

आमच्याकडे फराळाची मागणी नोंदवायला येणाऱ्या बायकांचे बोलणे हल्ली दोन मिनिटांत मुलांवर येते. मुलगा उलट उत्तरे देतो, मुलगी दार आपटून खोलीत जाते, आजोबांनी काही विचारले तर मान वर करून पाहतसुद्धा नाही, आणि समजावायला गेले की 'तुम्हाला काही कळत नाही' हे वाक्य ठरलेले. वय बहुधा तेरा ते सतरा. अशा वेळी मी त्यांना एक प्रश्न विचारते: उद्या दिवसभर तुमच्या मुलाने घरात काहीही केले नाही, तर कोणाचे काही अडेल का? बहुतेकींना उत्तर शोधावे लागत नाही. दूध येईल, पोळ्या होतील, गणवेशाला इस्त्री होईल, पाण्याची टाकी भरेल, मोबाइलचे रिचार्जही कोणीतरी करील. कोणाचेच काही अडणार नाही. माझे मत असे आहे की उद्धटपणाचे मूळ पुष्कळदा याच उत्तरात असते. ज्याच्यावाचून घराचे काही अडत नाही तो मुलगा स्वतःच्याच घरात पाहुणा होऊन राहतो, आणि पाहुण्याला निदान संकोच असतो, याला तोही नसतो.

या वयाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. आवेग आवरण्याचे आणि परिणामांचा विचार करण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असते, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, आणि रागलोभाचे भाग मात्र त्याआधीच जोरात असतात. झोपेचेही तसेच आहे. झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य या वयात रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोप येत नाही; झोप तर आठ ते दहा तास हवी असते आणि शाळेची गाडी सकाळी सातला दारात उभी राहते. सकाळी साडेसहाला आणि रात्री अकराला होणारी निम्मी भांडणे ही संस्कारांची नसून अपुऱ्या झोपेची असतात, म्हणून त्या दोन वेळांना आमच्या घरी कोणताही गंभीर विषय काढला जात नाही. मात्र कारण कळले म्हणजे वागणे माफ झाले असे होत नाही. आवेग आवरण्याची सवय आपोआप लागत नाही, ती लावावी लागते.

इंदूरमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपले शहर शिकवणी वर्गांचे शहर झाले आहे. नववीत मूल गेले की घरात एक अलिखित फर्मान निघते: त्याला काही सांगू नका, त्याचा अभ्यास आहे. ताट उचलायचे नाही, बाजारात जायचे नाही, लग्नाकार्याला यायचे नाही, पाहुण्यांशी दोन शब्द बोलायचे नाहीत. चार-पाच वर्षे अशी माफी मिळालेला मुलगा आपला वेळ घरातल्या इतर सर्वांच्या वेळेपेक्षा मौल्यवान आहे असे मानू लागला, तर त्यात नवल ते काय? आपणच त्याला तसे शिकवलेले असते. भंवरकुआं परिसरात खरगोन, बडवानी, झाबुआ, धार अशा ठिकाणांहून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात, स्वतःची खिचडी स्वतः शिजवतात, कपडे धुतात, महिन्याचा हिशेब वहीत मांडतात आणि त्याच दिवसात दहा-दहा तास अभ्यासही करतात. ताट विसळल्याने कोणाचे गुण कमी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता प्रत्यक्ष उद्धटपणाचे काय करायचे, हे आधी सांगते, कारण पालकांना घाई त्याचीच असते. मारणे हा उपाय नाही. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नेच मनाई आहे, आणि जे शिक्षकाला वर्ज्य ते आईबापांना शोभते असे मला वाटत नाही. शिवाय पंधरा वर्षांचा मुलगा आईपेक्षा हातभर उंच असतो. त्याच्यावर हात उगारणे म्हणजे हा प्रश्न ताकदीचा आहे असे आपणच त्याला सांगणे. आमच्या घरी पद्धत अशी आहे की आवाज चढला की बोलणे थांबते. 'या सुरात मी बोलणार नाही, अर्ध्या तासाने बोलू,' एवढे एकच वाक्य म्हणायचे, पुन्हा म्हणायचे नाही, आणि अर्ध्या तासाने खरोखरच बोलायचे. पुष्कळ पालक पहिला भाग पाळतात आणि दुसरा विसरतात, मग मुलांना कळते की थोडा वेळ गप्प बसले की विषय संपतो. मी आणि माझे यजमान मुलांसमोर एकच सांगतो, मतभेद नंतर आपसात मिटवतो. आजीलाही मी हात जोडून विनंती केलेली आहे की आम्ही बाहेर जाणे बंद केले असेल त्या दिवशी नातवाच्या हातात गुपचूप पन्नास रुपये ठेवू नका. त्यांनी ती मान्य केली, आणि आजीने असे काही मान्य करणे ही साधी गोष्ट नाही.

एका गोष्टीत मात्र आम्ही अर्धा तास थांबत नाही. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या दीदींना मुलगा एकदा चप्पल कुठे आहे यावरून तोडून बोलला. माझ्याशी किंवा बाबांशी उद्धट बोलणे आणि जिला उलट बोलता येत नाही अशा व्यक्तीशी उद्धट बोलणे यांत मी फार मोठा फरक करते. पहिला वयाचा दोष असू शकतो, दुसरा वृत्तीचा असतो आणि तो तिथल्या तिथेच उपटावा लागतो. त्याला त्याच क्षणी त्यांची क्षमा मागायला लावली, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणि त्यांच्याकडे पाहून. दुसऱ्या दिवशीच्या मित्रांच्या सहलीला तो गेला नाही. विषय तिथेच संपला, पुढे महिनाभर त्याचे टोमणे कोणी मारले नाहीत.

त्या वेळी एका नातेवाइकांनी सुचवले की शिक्षा म्हणून आठवडाभर त्यालाच भांडी घासायला लावा. सल्ला वरवर पटण्यासारखा होता, तरी मी तो मानला नाही. भांडी घासणे ही शिक्षा ठरली, तर जी बाई रोज भांडी घासते ती मुलाच्या नजरेत जन्मभर शिक्षा भोगणारी ठरते. काम ही शिक्षा नव्हे, हे या साऱ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे असे मी मानते. शिक्षा म्हणून सवलत काढून घ्यावी: बाहेर जाणे, मोबाइल, मित्रांकडची रात्र. काम काढून घेऊ नये आणि लादूही नये. ते शिक्षेच्या दिवशी जेवढे असते तेवढेच बक्षिसाच्या दिवशीही असावे. आपल्याकडच्या आखाड्यांत ही समज जुनी आहे. तिथे लाल माती फावड्याने उकरण्याचे, तिच्यात हळद, तेल, ताक कालवण्याचे आणि ती पुन्हा सारखी करण्याचे काम कुस्ती खेळणारेच करतात. कोणी चुकला म्हणून माती उकरत नाही. ज्या मातीत उतरायचे ती आपणच तयार करायची, एवढाच त्याचा अर्थ.

मग काम कोणते द्यायचे? इथे बहुतेक घरांत गफलत होते. 'जरा पाणी आण', 'जरा ते दार लाव', 'जरा खाली जाऊन कोथिंबीर घेऊन ये' अशी दिवसभरात वीस कामे सांगितली जातात आणि आपण मुलाला कामाला लावतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याला सांगकाम्या करतो. या वयाच्या मुलाला सर्वाधिक चीड येते ती सांगण्याची, आणि निम्म्या उद्धट उत्तरांचे निमित्त हेच वारंवार सांगणे असते. त्याऐवजी एक संपूर्ण काम, आरंभापासून शेवटापर्यंत, त्याच्या स्वाधीन करावे. ते कसे करायचे हे सुरुवातीला सोबत राहून नीट शिकवावे आणि नंतर तोंड बंद ठेवावे. सांगणेच संपले की सांगण्यावरून होणारे भांडणही संपते.

आमच्याकडे मुलाच्या स्वाधीन केलेले पहिले काम कचऱ्याचे होते. इंदूरच्या माणसाला याचे महत्त्व समजावून सांगायला नको. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात २५ व्या क्रमांकावर असलेले आपले शहर २०१७ मध्ये पहिले आले आणि पुढेही सलग पहिले येत राहिले. हे भाषणांनी झाले नाही. रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवल्या गेल्या, कचऱ्याची गाडी रोज ठरल्या वेळी गल्लीत येऊ लागली, कचरा टाकणाऱ्याला जागेवर दंड होऊ लागला, आणि हे सारे चार दिवसांचा उत्साह म्हणून न होता दररोज होत राहिले. त्यातून लाखो प्रौढ माणसांची जन्माची सवय बदलली. ज्या पालकांना वाटते की सोळा वर्षांचा मुलगा आता बदलायचा नाही, त्यांनी या शहराकडे एकदा या दृष्टीने पाहावे.

काम दिसायला लहान आहे. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार वेगळे ठेवायचे, गाडीचे गाणे ऐकू आले की खाली उतरायचे, आणि डबे धुऊन पुन्हा जागेवर ठेवायचे. सुरुवातीला त्याची झोप मोडत नसे आणि गाडी निघून जात असे. ओल्या कचऱ्याचा डबा मग दुसऱ्या सकाळपर्यंत गच्चीच्या दाराशी राहायचा, उन्हाळ्यात त्याचा वास घरभर पसरायचा, आणि मी तो उचलून खाली नेत नसे. आईला सर्वांत कठीण जाते ते हेच. आपण दोन मिनिटांत करून टाकू शकतो ते काम डोळ्यांसमोर पडलेले पाहायचे आणि हात लावायचा नाही. पण आपण हात लावला की काम पुन्हा आपले होते. वासाने त्याची आजी, बहीण, वडील सारेच हैराण झाले, आणि आपल्यामुळे चार माणसांचे अडले हे त्याने पहिल्यांदा अनुभवले.

एका सकाळी त्याने सुक्या कचऱ्यात घड्याळातून काढलेले सेल टाकले होते. गाडीवरच्या सहायकाने पिशवी उघडून ते बाहेर काढले आणि हे कुठे जातात ते त्याला तिथेच, बऱ्याच कडक आवाजात सांगितले. मी वरून ऐकत होते. हेच मी सांगितले असते तर त्याने तीन कारणे दिली असती. त्या माणसापुढे त्याने मान हलवली, सेल योग्य कप्प्यात टाकले आणि 'भैया, कल से ध्यान रखूँगा' म्हणाला. त्या दुरुस्तीमागे कामाचा अधिकार होता, आईच्या कंटाळ्याचा सूर तिच्यात नव्हता. पुढे ओल्या कचऱ्याचे काय होते हे त्यानेच शोधून काढले आणि जेवताना आम्हाला सांगितले: देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला प्रकल्प दिवसाला ५५० टन ओला कचरा हाताळू शकतो, त्यातून गाड्यांसाठी गॅस तयार होतो आणि शहरातल्या बसगाड्या त्यावर चालतात. आपल्या घरच्या भाजीच्या देठांचा बसशी संबंध आहे हे कळल्यावर त्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी मला दिसलेली नाही.

दुसरे काम फराळाचे. हा व्यवसाय माझ्या सासूबाईंनी सुरू केला. दसरा झाला की स्वयंपाकघर, मागची खोली आणि गच्ची मिळून कारखाना होतो. मुलाकडे वजन करून पाकिटे भरण्याचे आणि ती पोहोचवण्याचे काम आहे, धाकटीकडे मागण्यांची वही आणि पैशांचा हिशेब. उकळत्या तेलाच्या कढईजवळ दोघांनाही मी येऊ देत नाही. मागच्या दिवाळीत मुलाने सकाळी लहान भांडे ठेवून काटा शून्य केला आणि दुपारी जेवणानंतर मोठे स्टीलचे भांडे घेऊन तसेच वजन करत बसला. भांड्यांच्या वजनातला फरक प्रत्येक पाकिटातून कमी होत गेला. काही पाकिटे घरोघरी गेल्यावर रामबागेतल्या एका काकूंचा फोन आला. त्या घरी पुन्हा वजन करून पाहणाऱ्यांपैकी आहेत. त्यांना माझ्याशी बोलायचे होते. हे काम ज्याच्याकडे आहे तोच बोलेल, असे म्हणून मी फोन मुलाच्या हातात दिला. त्याचा चेहरा उतरला, पण तो 'हो काकू, चूक माझी आहे, मी आत्ता येतो' असे म्हणाला, सायकल काढून भरपाईचा चिवडा घेऊन गेला, आणि मागण्यांच्या वहीतून उरलेली घरे शोधून तिथेही स्वतः गेला. मी त्याच्या पैशांतून काही कापले नाही. चूक आणि हलगर्जीपणा यांत फरक असतो आणि मुलांना तो फरक आपल्या वागण्यातून कळला पाहिजे. दुसऱ्या दिवशी काट्याच्या वर भिंतीवर त्याने वहीचा कागद चिकटवला होता: 'भांडे बदलले की आधी शून्य.'

याच कामात मला आदराविषयी एक गोष्ट लक्षात आली. मुले मोठ्यांचा अनादर करतात, कारण ज्या कामात मोठी माणसे पारंगत आहेत ते काम करताना मुलांनी त्यांना पाहिलेलेच नसते. नातवाला आजी दिसते ती मोबाइलवर फोटो कसा पाठवायचा हे चौथ्यांदा विचारणारी; तिथे तो उस्ताद असतो आणि ती अडाणी. कढईपुढे हे उलटते. पातळ पोहे किती भाजले म्हणजे चुरचुरीत होतील पण चुरा होणार नाहीत, हवेत दमटपणा असेल त्या दिवशी किती वेळ जास्त लागेल, हे आजी हातात चार पोहे चुरगाळून सांगतात. ते यंत्राला सांगता येत नाही आणि मलाही अजून त्यांच्याइतके साधत नाही. मुलाला पाकिटे भरण्यापूर्वी दर वेळी त्यांना विचारावे लागते, 'आजी, झाले का गं?' ज्याला दिवसातून दहा वेळा असे विचारावे लागते त्या माणसाशी तिरसटपणे बोलणे हळूहळू अवघड होत जाते. आदर ठेव, आदर ठेव, असे ओरडून सांगण्यापेक्षा मुलांना मोठ्यांच्या शेजारी, मोठ्यांच्या कामात बसवणे मला अधिक खात्रीचे वाटते, मग ते काम फराळाचे असो, दुकानाचे असो, शिवणाचे असो की गाडीची पंक्चर काढण्याचे.

मुलगा आणि मुलगी यांच्यात आपण करतो तो भेद या प्रश्नात फार मोठा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींची नोंद झाली; घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही दरी लहानपणापासूनच पडते. मुलीने पोळ्या केल्या की ते वळण, मुलाने ताट उचलले की कौतुक, हे थांबल्याशिवाय मुलांच्या बेजबाबदारपणाची तक्रार करण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. आमच्याकडे आठवड्यातून ठरलेल्या एका संध्याकाळी स्वयंपाक मुलाचा असतो, आणि मुलीच्या वाट्याला मुलगी म्हणून एकही काम आलेले नाही.

कामाचे पैसे द्यावेत का, हे मला हमखास विचारले जाते. घराच्या कामाचे नाही. ते घर त्याचेही आहे. व्यवसायातल्या कामाचे मात्र अवश्य, आणि वेळेवर. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवता येते, तशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिली. दोघांची खाती आहेत, पैसे तिथे जमा होतात. कायदाही पालकांनी समजून घ्यावा: २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवता येत नाही, फक्त घरच्या बिनधोक कामात शाळेनंतर आणि सुटीत मदत करता येते, आणि चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामे वर्ज्य आहेत. जबाबदारी शिकवण्याच्या नावाखाली मुलांना राबवून घेणे हा वेगळा अपराध आहे.

पैसे साठले की स्कूटीचा हट्ट येतो, आमच्याकडेही आला. 'सगळ्यांकडे आहे' हे खरेही आहे. शाळा सुटताना रस्त्यावर पाहिले की दिसते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. हे मी त्याला वाचून दाखवले. तो रागावला, दोन दिवस अबोला धरला. आम्हीही धरू दिला. मुलाची नाराजी सहन करणे हा पालकांच्या कामाचाच भाग आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. हसतखेळत असलेला मुलगा अचानक सर्वांपासून तुटला, जेवण आणि झोप बिघडली, आवडीच्या गोष्टी सोडल्या, मरणाची भाषा करू लागला किंवा व्यसनाची शंका आली, तर तो उद्धटपणा नव्हे आणि काम हा त्याचा इलाज नव्हे. तेव्हा डॉक्टर गाठावा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

यंदा मुलगा बारावीत आहे आणि माफीचे फर्मान काढा असा आग्रह दोन्हीकडच्या आजोळांतून सुरू झाला आहे. आम्ही ठरवले ते असे: फराळाच्या दिवसांत पाकिटे पोहोचवण्याचे काम धाकटी आणि माझे यजमान करतील, संध्याकाळचा स्वयंपाक परीक्षा होईपर्यंत बंद राहील, आणि कचऱ्याचे काम त्याच्याकडेच राहील, कारण त्याला सकाळची दहा मिनिटे लागतात. त्याने स्वतः एकच बदल मागितला: पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात बहिणीने ते करावे आणि तिच्या परीक्षेच्या आठवड्यात हिशेबाची वही तो सांभाळील. तो करार दोघांनी आपसातच केला.